मदत हवी आहे: पीएस३ च्या डिस्कवर चरे पडलेत, टूथपेस्ट लावू का?

मंडळी, जरा तातडीने सल्ला पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आठ दिवस आमच्याकडे होता, त्याला माझा जुना पीएस३ (प्लेस्टेशन ३, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) माळ्यावरून काढून दिला आणि अनचार्टेड २ या गेमच्या डिस्कची पार वाट लागली. म्हणजे मुद्दाम नाही केलं बिचाऱ्याने, गेम बदलताना ही डिस्क कव्हरमध्ये न घालता तशीच शोकेसवर ठेवली, तिथून ती खाली पडली आणि मग कोणाचा तरी पाय पडून फरशीवर घासत गेली (आई म्हणते तिचा नाही, बाबा म्हणतात त्यांचा नाही, म्हणजे बहुतेक माझाच).

तर चकचकीत बाजूला तीनचार बारीक ओरखडे आहेत, मधून कडेकडे गेलेले, ते नखाला लागत नाहीत. पण कडेजवळ एक चरा आहे बोटाच्या पेराएवढा, तो गोलाईत गेलाय आणि त्यावर नख किंचित अडकतं. शिवाय एका जागी धुरकट डाग. गेम सुरू होतो, नेपाळचा भाग व्यवस्थित चालतो, पुढे ट्रेनचा भाग आला की चित्र थिजतं, आवाज दोन सेकंद येत राहतो आणि मग तोही बंद. रिमोटचं कुठलंच बटण ऐकत नाही, शेवटी मागचा स्विच बंद करावा लागतो. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तिथेच.

कॉलेजात असताना पीएस२ ची एक डिस्क अशीच खराब झाली होती, तिला पांढरी टूथपेस्ट लावून घासली होती आणि ती खरंच चालली, आजही चालते. तेच इथे करू का? बायको म्हणते कर, जाऊन जाऊन काय जाणार आहे. आणि दुसरी शंका अशी की डिस्क वाचणारी लेन्सच गेली असेल तर? सिनेमाची डीव्हीडी लावून बघितली, मस्त चालली, म्हणजे लेन्स ठीक आहे असं धरू ना?

प्रतिसाद:
आधी ती टूथपेस्ट खाली ठेवा!! पीएस२ ची डिस्क डीव्हीडी असणार (बूड निळं असेल तर सीडी), पीएस३ ची ब्लू-रे आहे, दोघींची गोष्टच वेगळी. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, डेटा त्यांच्या मधोमध. वरचं प्लास्टिक थोडं झिजलं की चरा उथळ होतो आणि आतल्या डेटाला धक्का लागत नाही, म्हणून तुमचा तेव्हाचा प्रयोग जमला. ब्लू-रेचा डेटा चकचकीत बाजूपासून फक्त ०.१ मिमी आत असतो आणि वर एक कडक थर असतो, त्याच्याच जिवावर ती टिकते. टूथपेस्टने तुम्ही नेमका तोच थर खरवडून काढणार. पॉलिश करून देणाऱ्या दुकानात न्यायचा विचार असेल तर तोही सोडा, कारण तेच.

प्रतिसाद:
आमच्या लहानपणी सीडी अडकली की फ्रीजमध्ये ठेवायचे, नाहीतर पावडर लावायचे. एकदा मोठ्या भावाने दोन्ही केलं. सीडी गेलीच, वर फ्रीजला आठवडाभर पावडरचा वास.

प्रतिसाद:
टूथपेस्टवाल्या प्रतिसादात एक भर. सीडीला उलटं असतं, तिचा डेटा चित्राच्या बाजूला, छपाईच्या लगेच खाली. लोक खालची बाजू जपतात आणि वर बॉलपेनने नाव लिहून सीडी मारतात.

आता लेन्सचं. डीव्हीडी चालली यावरून काहीही सिद्ध होत नाही. पीएस३ मध्ये डीव्हीडीला लाल लेझर लागतो, ६५० नॅनोमीटरचा, आणि ब्लू-रेला निळा-जांभळा, ४०५ चा. लाल ठणठणीत आणि निळा मेलेला, असे पीएस३ चिकार बघितलेत. दुसरा कुठलातरी पीएस३ चाच गेम तासभर खेळून बघ. तोही वाटेल तिथे अडकला तर लेन्स, आणि फक्त हाच गेम एकाच जागी अडकत असेल तर डिस्क.

धागाकर्ता:
काल रात्री दुसरा गेम दोन तास खेळलो (बायकोला सांगितलं टेस्टिंग चालू आहे), एकदाही अडकला नाही. म्हणजे डिस्कच. पण एक कळत नाही, ओरखडे चार आणि त्रास एकाच जागी का?

प्रतिसाद:
कारण कडेजवळचा तो एकच चरा आडवा नाही. डिस्कवर डेटा ग्रामोफोनच्या तबकडीसारखा वेटोळ्यात असतो. मधून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक वेढ्याला फक्त छेदतो, तेवढा तुकडा हुकला तर तो आजूबाजूच्या जादा माहितीवरून परत जुळवायची सोय डिस्कमध्येच असते. तुझा चरा गोलाईत आहे, म्हणजे वेढ्याच्या बाजूबाजूनेच गेला, सलग बराच डेटा त्याच्याखाली, तिथे ती जुळवाजुळव हात टेकते. पुसतानासुद्धा म्हणूनच मधून बाहेर पुसायचं, गोल गोल कधीच नाही. त्यात अनचार्टेड २ हार्ड डिस्कवर इन्स्टॉल होत नाही, खेळताना सगळं डिस्कवरूनच उचलतो. पीएस४ वाले सुखी, त्यांचा गेम हार्ड डिस्कवर कॉपी होतो, नंतर डिस्क फक्त दाखवण्यापुरती.

तो धुरकट डाग कसला आहे ते बघितलंस का? आधी तो काढ. साधं पाणी, लागलाच तर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या टोकाने हलक्या हाताने, मग चष्म्याच्या कापडाने टिपून घे. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर वगैरे अजिबात नाही.

प्रतिसाद:
आणि नाहीच जमलं तर दुसरी कॉपी घ्या, पण घेताना कव्हरच्या कडेवरचा कोड बघून घ्या. पीएस३ चे गेम कुठल्याही देशातले चालतात हे खरं, पण सेव्ह (गेम कुठवर खेळलात त्याची नोंद) त्या कोडला बांधलेला असतो. आपल्याकडे बहुतेक युरोपवाली कॉपी यायची, बीसीईएस ने सुरू होणारी. अमेरिकेतल्या चुलतभावाकडून बीसीयूएस वाली मागवलीत तर गेम चालेल हो, पण भाच्याचा सेव्ह उघडणार नाही, पुन्हा पहिल्यापासून डोंगर चढा.

धागाकर्ता:
अपडेट. डाग म्हणजे तूप निघालं. रव्याच्या लाडवाचं असणार, कारण पुसताना दोन रव्याचे कण पण निघाले. वर सांगितलं तसं धुतली, टिपली, रात्रभर उभी ठेवून वाळवली, आणि आज ट्रेन सुरू झाली! फोनवर सांगितलं तर भाचा एवढ्याने ओरडला की ताईने फोन काढून घेतला. पण मग त्याच ट्रेनमध्ये थोडं पुढे, हेलिकॉप्टर येतं तिथे परत थिजला. दोनदा. म्हणजे तुपाचं काम झालं, चऱ्याचं होणार नाही, हे मान्य केलंय. टूथपेस्ट दात घासायलाच वापरतोय.

तर आता बीसीईएस वाली कॉपी शोधतोय. कोणाकडे पडून असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, कव्हर नसलं तरी चालेल, फक्त चकचकीत बाजूचा एक फोटो उजेडात तिरका धरून काढलेला पाठवा.