गोळी, फोडणी आणि पेशींतील दाह

आपण वडिलांच्या सांध्यांच्या सुजेबद्दल विचारले, त्यावर एका प्रतिसादात, अँटिऑक्सिडंटची (पेशींना इजा करणारे रेणू निष्प्रभ करणाऱ्या द्रव्याची) गोळी सुरू केली की सांध्यांची सूज उतरतेच, असे म्हटले आहे. ते मला निम्मेच पटते. पेशींत ऊर्जा तयार होताना आणि पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजताना मुक्त मूलके (हेच ते इजा करणारे रेणू) निर्माण होतात, त्यांचे प्रमाण वाढले की एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरून दाह, म्हणजे सूज आणणारी प्रतिक्रिया, वाढवणारी जनुके जागी करते, आणि अँटिऑक्सिडंट हा इशाराच सौम्य करू शकतात. प्रयोगशाळेत हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याने हे केलेले दिसते. मात्र आमच्या वसमतकडे हळद काढणीच्या दिवसांत हाताला बसलेला पिवळा रंग नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पोटातून रक्तातही ते म्हणूनच फार थोडे पोहोचते. तेलाच्या फोडणीत, मिऱ्यांसोबत ते अधिक शोषले जाते (आजीला हे कोणी शिकवले नव्हते). गोळ्यांबाबत मात्र मी सावध आहे: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्यातील फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला. आपल्या वडिलांना रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर कर्क्युमिनची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.