भाजीबाजार मांडला, पण इंग्रजी बोललं कोण?

शिंदखेड्याचा मास्तर
काल शिक्षकांच्या गटावर 'इंग्रजीची भीती पळवणारे दहा धमाल उपक्रम' अशी पोस्ट फिरत होती. वर्गात भाजीबाजार मांडा, सायमन सेज खेळा, बिंगो खेळा, चिठ्ठ्या उचलून गोष्ट पुढे न्या. खाली फुलं, टाळ्या, 'सर, तुमची मुलं नशीबवान'. इथपर्यंत ठीक. पण शेवटी म्हणे, 'घोकून घेणाऱ्या मास्तरांमुळेच खेड्यातली पोरं इंग्रजीला घाबरतात.' हे लागलं, म्हणून लिहितोय.

बावीस वर्षं झाली इंग्रजी शिकवतोय. भाजीबाजार तीनदा मांडून झालाय. शेवटच्या वेळी नववीला, पट ५२. पोरांनी घरून खरी वांगी, मिरच्या आणल्या. मी टेबलावर एक डबा ठेवला. इंग्रजीत अख्खं वाक्य बोललं की डब्यात एक चिंचोका टाकायचा. तास संपल्यावर डबा ओतला. चिंचोके निघाले १७. त्यातले ११ एकाच मुलीचे, आणि ती बाजार नसता तरी बोललीच असती. बाकीची काय करत होती? अहिराणीत घासाघीस, तीही फक्कड. 'पाच रुप्याले इतलंच?' फोटो झकास आले, शिक्षण परिषदेत टाळ्या पडल्या, मिरच्यांची भजी झाली.

ज्या तासाला तुम्ही घोकंपट्टी म्हणता, त्यात सगळा वर्ग एका सुरात साठ वाक्यं म्हणतो. मागच्या बाकावरचासुद्धा. आधी चिंचोके मोजा, मग आम्हाला नावं ठेवा.

धडगावची बाई
सर, मागच्या बाकावरचा नुसते ओठ हलवतो. मी स्वतः पाचवीत तेच करायचे, माझं कुणी मोजलं नाही.

तुमच्या नववीचं मला माहीत नाही. माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, शाळा द्विशिक्षकी, मुलं सगळी पावरा. त्यांना घरी मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा 'आधी मराठी तर येऊ द्या' म्हणून केवढी ओरड झाली. इथे वर्गात उभी राहून बघा. 'उभे राहा' आणि 'स्टँड अप' या लेकरांना सारखेच परके. म्हणून मी सायमन सेजच खेळते. टच युवर नोज, ओपन द डोअर, पुट द स्टोन अंडर द बेंच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६०च्या दशकात हीच गोष्ट मांडली. आधी आज्ञा ऐकून अंग हलू द्या, बोलणं मागून येतं, त्याची घाई करू नका.

तुमचा डबा माझ्या वर्गात जून ते दिवाळी रिकामाच राहील. म्हणून काय मुलं शिकली नाहीत? मी 'अंडर' म्हटलं की तेवीसच्या तेवीस दगड बाकाखाली जातात. तो चिंचोका कुठे टाकायचा ते सांगा.

बोरीकाठचे नाना
साने गुरुजी ज्या गावात मास्तर होते त्या अमळनेरचा मी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची. रोज दहा वाक्यांचं भाषांतर, चुकलं की छडी. एकही खेळ नाही. निवृत्तीपर्यंत रेल्वेत इंग्रजी पत्रव्यवहार केला. खेळ मैदानावर शोभतात.

धडगावची बाई
नाना, तुमच्या वर्गातले किती जण पाचवीतच शाळा सोडून गेले, तेही लिहा. पत्रव्यवहार करणारे एकटे तुम्हीच उरलात म्हणून तुमचं ऐकू येतंय.

सावद्याचा बाप
शिक्षक बोलतायत तर पालकाचंही ऐका. इंग्रजी शाळेत घातलंय पोराला, फी विचारू नका. मध्ये 'फ्रूट डे' होता. फळ आणायचं आणि त्यावर इंग्रजीत चार वाक्यं बोलायची. केळीच्या गावात राहतो, घरचा बाग आहे. पोराने पाठ केलं, 'धिस इज अ बनाना. इट ग्रोज इन अवर फील्ड.' मॅडमचा निरोप आला, केळं सगळेच आणतात, समथिंग डिफरंट पाठवा. जळगावला जाऊन किवी आणली, भो! पोराने ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि त्यावर चार वाक्यं बोलला. केळीवर तो अर्धा तास बोलला असता. निंदणी, पील बाग, ट्रकचा भाव, सगळं. त्यातली दोन वाक्यं तरी इंग्रजीत आली असती ना?

शिंदखेड्याचा मास्तर
दादा, हेच म्हणतोय मी. समोर पाहुणे बसले की त्याला उपक्रम म्हणायचं.

कलम सत्तावीस
उपक्रम घ्यायला मास्तर वर्गात असला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम नको असं लिहिलंय. प्रत्यक्षात खिचडीचा तांदूळ मोजा, माहिती भरा, लिंक भरा, पुन्हा तीच माहिती दुसऱ्या लिंकवर भरा. चिंचोके मोजायला वेळ मिळतो त्या सरांना नमस्कार.

भुसावळ जंक्शन
सर, तुमचा बाजार फसला कारण त्यात इंग्रजीची गरजच नव्हती. वांगं समोर दिसतंय, भाव अहिराणीत होतोय, मग पोरगं इंग्रजी कशाला बोलेल? कामच असं द्यायचं की बोलल्याशिवाय पुढे सरकणार नाही.

मी काय करतो सांगतो. भुसावळ-सुरत मार्गाचं वेळापत्रक हाताने लिहून दोन कागद करतो. एकावर जळगाव, अमळनेरच्या वेळा गाळलेल्या, दुसऱ्यावर धरणगाव, नंदुरबारच्या. जोडीदारांनी पाठीला पाठ लावून बसायचं, कागद दाखवायचा नाही. व्हॉट टाइम डज इट लीव्ह अमळनेर? विचारल्याशिवाय रकाना भरत नाही. यात नवीन काही नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दक्षिणेतल्या साध्या शाळांत प्रयोग केला, त्यातही नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकंच होती. आपल्याच देशातलं काम आहे, जगभर शिकवलं जातं, आणि आपल्या प्रशिक्षणात बिंगो.

शिंदखेड्याचा मास्तर
प्रभूंचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. त्यांनी गटांवर भर दिला नव्हता. मास्तर आधी सगळ्या वर्गासमोर तसंच एक काम सोडवायचा, मग प्रत्येक पोर आपापलं करायचं. पोरं आपसात बोलली तर एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतात, ही त्यांची भीती. म्हणजे पाठीला पाठ तुमची, प्रभूंची नव्हे.

आणि तुमचंही करून पाहिलंय. धावतं श्रुतलेखन. उतारा ओसरीच्या भिंतीवर, एकाने पळत जाऊन वाचायचं, परत येऊन जोडीदाराला सांगायचं, त्याने लिहायचं. वाक्य होतं 'द फार्मर सोल्ड हिज कॉटन'. पोरगं धापा टाकत आलं आणि म्हणालं, 'त्यानी कापूस इकी टाका!' जोडीदाराने मान डोलावली. वही कोरी. झालं श्रुतलेखन.

धडगावची बाई
सर! याला तुम्ही फसलं म्हणता? पोराने इंग्रजी वाचलं, समजून घेतलं, डोक्यात धरून पळत आला आणि स्वतःच्या भाषेत चोख सांगितलं. नानांच्या दहा भाषांतरांतलं एक, छडीशिवाय. तुमचं कोरस घोकणारं पोर 'सोल्ड' म्हणजे काय ते सांगेल?

पांझराकाठ
बाईंशी सहमत. अहिराणीला वर्गाबाहेर ठेवून कसलं इंग्रजी शिकवता? 'आय ॲम गोइंग' शिकवताना मास्तर फळ्यावर 'मी जात आहे' लिहितो. असं घरी कोण बोलतं? मी सरळ 'मी जाई राहिनू' लिहिलं. पोरं म्हणाली, मग 'आय गो' म्हणजे 'मी जास'. मी समजावण्याआधीच. बहिणाबाईंनी अहिराणीत एवढं सोनं लिहून ठेवलं आणि आपल्याला ती वर्गात आणायची लाज वाटते.

यावलकर
थांबा. बहिणाबाईंनी अहिराणीत लिहिलं हे किती वर्षं ऐकायचं? एक तर त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी तोंडी होती, दुसऱ्यांनी टिपली. दुसरं, बाई आसोद्याच्या, बोली लेवा गणबोली. तुमच्यात 'रामना, मना, तुना', आमच्यात 'चा-ची-चे'. कुठलीही ओवी काढून बघा, 'ना-नी' सापडतं का. धुळ्याची माणसं सगळा खानदेश आपल्या नावावर करतात.

पांझराकाठ
यावलकर भाऊ, 'माले, तुले' तुमच्यातही आहे ना? दोघांचे 'डोये' सारखेच. बोली बहिणीच आहेत, वाटणी कशाला मागता?

यावलकर
बहिणी म्हणायचं आणि सातबारा एकीच्याच नावावर. तुमचं 'जाई राहिनू' फळ्यावर लिहिलं तर आमची पोरं हसतील. आम्ही 'जाऊ राह्यलो' म्हणतो. मग फळ्यावर कुणाचं लिहायचं?

बोरीकाठचे नाना
प्रमाण मराठी कशासाठी आहे? तेच लिहा. 'मी जातोय'. गोइंग आणि गो यांतला फरक त्यातही होतोच की. अहिराणीने काही विशेष साधत नाही.

पांझराकाठ
नाना, फरक होतो, पण आधी पोराला 'जातोय' शिकवा आणि मग 'गोइंग'. एका तिकिटाच्या जागी दोन. तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला परवडत असेल.

धडगावची बाई
तुम्ही अहिराणी की लेवा करत बसा. इकडे पावरी बोलणारी मुलं आहेत हे कुणाच्या गावीही नाही. मला पावरी चार वर्षांत जेमतेम कळायला लागली, आणि तीही पहिलीतल्या एका मुलीने शिकवली. ती मला पावरीत आज्ञा करायची, चुकलं की सगळा वर्ग हसायचा. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गेले, ती पण गेली. होळीला परत आली तेव्हा 'ओपन द डोअर' विसरली नव्हती. एवढंच मला सांगायचं होतं. सायमन सेजवर हसणाऱ्यांनी हसावं.

शिंदखेड्याचा मास्तर
बाई, पहिली-दुसरीपुरतं मान्य. लिहून देतो. डबा तिथे लागू नाही. नववीला मात्र मागे घेत नाही, दहावीच्या पेपरात दगड बाकाखाली ठेवायला सांगत नाहीत.

भुसावळ जंक्शन
मग नववीलाच एकदा वेळापत्रक करा. हवं तर आधी प्रभूंसारखं फळ्यावर एक अख्खं सोडवा, मग पाठीला पाठ. चिंचोके तुमचेच.

शिंदखेड्याचा मास्तर
(चार दिवसांनी) केलं. रेल्वे नको म्हटलं, शिंदखेड्याहून सुटणाऱ्या एसट्यांचं केलं, पोरांना तोंडपाठ असतं. तिथेच फसलं. अर्ध्यांनी न विचारताच रकाने भरले. 'सर, दोंडाईचा गाडी आमनाच दारवरतीन जास!' दुसऱ्या दिवशी वेळा मनाच्या लिहिल्या, सगळ्या खोट्या. पोरं आधी चिडली, गाडी अशी नसतेच म्हणून, पण मग विचारू लागली. चिंचोके ६४. ज्या पोराचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता त्याचे चार.

जंक्शनवाल्यांनी लगेच हुरळू नये. ६४ पैकी २३ वेळा नुसतं 'रिपीट प्लीज' होतं. ते धरायचं की नाही यावर वर्गातच भांडण झालं. मी धरलं नाही. म्हणजे ४१.

भुसावळ जंक्शन
धरा की सर! ते एकच वाक्य पोरं खऱ्या गरजेने बोलली.

शिंदखेड्याचा मास्तर
त्यात 'से' नव्हतं, 'इट' नव्हतं. माझा नियम अख्ख्या वाक्याचा आहे.

यावलकर
आणि मास्तर, ते 'दारवरतीन जास' तुम्ही हौसेने लिहिलंत, ते अहिराणी आहे. लेवा नव्हे. कुणी उद्या बहिणाबाईंच्या नावावर टाकू नये.