पहिली ठासणीची रायफल: चकमकीची घ्यावी की इनलाइन?

लँकेस्टरकर

इथे पेन्सिल्वेनियात ओळखीतले दोघे मराठी मित्र यंदा पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीचं लायसन्स काढून बसलेत आणि दोघांनाही ठासणीची रायफल घ्यायची आहे. दुकानदार त्यांच्या गळ्यात इनलाइन मारतोय. माझं मत नेमकं उलटं आहे, म्हणून हा धागा.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, आणि गजाने ठासायचं, ती ठासणीची. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी हिच्यासाठी शिकारीचे वेगळे दिवस राखून ठेवलेत. चकमकीच्या बंदुकीत गारगोटीचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पडते. केपाच्या बंदुकीत केप, म्हणजे आपटल्यावर फुटून आग देणारी छोटी टोपी, फुटते. हल्लीच्या इनलाइनमध्ये शॉटगनच्या काडतुसात असतो तो २०९ प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, नळीच्या सरळ मागे बसतो. इनलाइन १९८५ साली नाइट एमके-८५ हे मॉडेल बाजारात आल्यापासून पसरली. तिच्यावर दुर्बीण चढवली की लांबून बघणाऱ्याला ती साध्या रायफलसारखीच दिसते.

माझा मुद्दा असा. पेन्सिल्वेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा वेगळा मोसम आहे. नाताळ उलटला की २६ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. त्यात इनलाइन चालत नाही, केपाचीही नाही. चकमकीचीच हवी, नळीचा व्यास ०.४४ इंच किंवा त्याहून मोठा, दुर्बीण नाही. उलट ऑक्टोबरातल्या मादी हरणांच्या आठवड्यात इनलाइन चालते तशी चकमकीचीही चालते. एकच बंदूक घेणार असाल तर सगळे मोसम उघडणारी घ्या ना! नाताळनंतर रान रिकामं असतं. नारिंगी जाकीटवाल्या शिकाऱ्यांची जत्रा पांगलेली असते, बर्फ असेल तर माग स्पष्ट दिसतो. ते दिवस हातचे का घालवायचे?

ओहायोचे_अण्णा

लँकेस्टरकर, मोसमाचं गणित बरोबर. पण नवशिक्याच्या हातात चकमकीची देणं मला पटत नाही, आणि कारण हौसेचं नाही, हरणाचं आहे.

घोडा दाबल्यापासून बार होईपर्यंत चकमकीच्या बंदुकीत काय काय घडतं बघा. गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या रंजकीत, म्हणजे नळीबाहेरच्या खोलगट भांड्यातल्या बारीक दारूत, पडतात, रंजक डोळ्यांदेखत भडकते, मग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आग आत जाते, मग मुख्य दारू पेटते. सगळं नीट असेल तर हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. पण नवा माणूस त्या भडक्याला दचकतो आणि नेमका त्याच क्षणी नळी हलवतो. गोळी फुफ्फुसांऐवजी पोटात. मग तीन तास माग काढत फिरा, आणि शेवटी ते हरण दुसऱ्याच्या हद्दीत कुठेतरी कुजतंय. इनलाइनमध्ये हा प्रकार जवळजवळ नाही. दुर्बीण असेल तर साठीतल्या माझ्या डोळ्यांनाही खांद्यामागची जागा दिसते.

आणि साफसफाई. इनलाइनचा मागचा प्लग फिरवून काढला की नळी आरपार उघडी. चकमकीची तोंडाकडूनच धुवायची, बादलीभर गरम पाण्यात. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नळीला गंज. नवशिके आळस करतात हे तुम्हीही जाणता.

लँकेस्टरकर

अण्णा, दचकण्याचा मुद्दा मान्य, पण तो सरावाने जातो. उन्हाळाभर रेंजवर जा. नुसती रंजक भरून, गोळी न घालता, दहा-दहा वेळा घोडा ओढा. आधी नळी रिकामी आहे याची गज घालून खात्री करा, आणि तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा. भडका झाल्यावरही गाल दस्त्यावरून उचलायचा नाही. हे ज्याला जमत नाही त्याने रानात जाऊच नये, बंदूक कुठलीही असो.

पोटात गोळी लागण्याचं मुख्य कारण मला वेगळं वाटतं. दुर्बीण लावलेली इनलाइन हातात आली की माणूस दीडशे-दोनशे यार्डांवर बार टाकतो, कारण खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. चकमकीवाल्याला आपली मर्यादा ठाऊक असते. मी साठ यार्डांपलीकडे घोड्याला बोट लावत नाही. ०.५० नळीत ०.४९० ची गोल शिशाची गोळी बसते, वजन साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. गोल असल्यामुळे हवेत तिचा वेग भराभर पडतो. पण साठ यार्डांवर बरगड्यांमधून गेली तर दोन्ही फुफ्फुसं फोडते. आणखी काय हवं?

डेन्व्हरवासी

तुम्ही दोघं लॉकवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या कळीवर, भांडताय. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, कुणी बघितले का?

पहिली बंदूक घेणाऱ्याने दुकानात विचारायचा प्रश्न हा: आट्यांचा किती इंचांत एक वळसा? गोल गोळी कापडाच्या चकतीत गुंडाळून मारायची असेल तर मंद वळसा लागतो, ६६ इंचांत एक किंवा त्याच्या जवळपास. लांबट शिशाची गोळी किंवा प्लास्टिकच्या वाटीतली सॅबो मारायची तर २८ इंचांत एक. मधला ४८ चा वळसा दोन्ही बऱ्यापैकी चालवतो, कुठलीच उत्तम नाही. लोक काय करतात, स्वस्तात मिळाली म्हणून २८ ची नळी घेतात, तिच्यात दाबून दारू भरून गोल गोळी मारतात, गोळी आट्यांवरून घसरते, आणि मग 'ठासणीची बंदूकच अशी' म्हणून बसतात.

दुसरं, पेन्सिल्वेनियाचे नियम म्हणजे सगळ्या देशाचे नियम नव्हेत. इथे कोलोराडोत ठासणीच्या मोसमात इनलाइन चालते, पण दुर्बीण नाही, सॅबो नाही, दारूच्या तयार गोळ्या म्हणजे पेलेट नाहीत. सुटी दारू मोजून भरायची. हरणाला ०.४० चालते, एल्कला, म्हणजे त्याहून बरंच मोठ्या जातीच्या हरणाला, किमान ०.५०. म्हणजे दुकानातल्या खोक्यातली अर्धी चैन इथे बेकायदा. एल्कसाठी मी इनलाइनच घेतली, २८ च्या वळशाची, पूर्ण व्यासाची जड लांबट गोळी आणि नेम धरायला दुर्बिणीविना उघडे साइट. एल्क गाय असली तरी दोनशे किलोच्या पुढे जाते, तिला १७७ ग्रेनची गोल गोळी मारायला माझा हात धजत नाही. लँकेस्टरकरांनी हा सल्ला इथे दिला तर मी त्यांना थांबवेन.

लँकेस्टरकर

एल्कबद्दल वाद नाही. मी पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल बोलतोय आणि माझे मित्र पेन्सिल्वेनियातच, हॅरिसबर्गजवळ राहतात.

ओहायोचे_अण्णा

मग दारूचं बोला. चकमकीला खरी काळी दारूच लागते. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न या तिच्या बदली वापरायच्या दारू, यातलं काहीही रंजकीत टाका, ठिणगीने धड पेटत नाही, कारण त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते. आणि खरी काळी दारू ठेवणारं दुकान शोधून दाखवा! साठवणुकीचे नियम कडक, म्हणून मोठी दुकानं ठेवतच नाहीत. २०२१ मध्ये काळी दारू बनवणाऱ्या गोएक्सचा कारखाना बंद होणार म्हटल्यावर लोकांची कशी धावपळ झाली ते विसरलात? पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो घेतला म्हणून निभावलं. मी कुठल्याही दुकानात जाऊन ब्लॅकहॉर्नचा डबा उचलतो.

लँकेस्टरकर

हा मात्र खरा त्रास आहे. आम्ही क्लबातले पाच-सहा जण मिळून एकदम मागवतो, घातक मालाचं भाडं वाटून घेतो. दारूच्या दाण्याची जाडी एफने मोजतात: नळीत दोन एफ, रंजकीत चार एफ, म्हणजे अगदी बारीक. एक पौंडाचा डबा हरणाच्या भरण्याने शंभर बारांना पुरतो, मोसमात तर चार-पाचच होतात. त्यामुळे 'मिळत नाही' हे अर्धसत्य आहे.

गंमत म्हणजे काळ्या दारूत पाऊण भाग सोरा असतो, आणि अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी तो बिहारातून, पाटण्याहून जहाजं भरभरून नेत होती. पेन्सिल्वेनियातल्या लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या त्याच शतकात. असो, विषयांतर.

शुभदा_के

मी शाकाहारी आहे आणि तरीही हा धागा वाचतेय, कारण नवरा याच फंदात पडलाय. हरणं जास्त झालीत, मोटारींवर आदळतात, बागा खातात, हे सगळं मला पाठ आहे. मला वेगळंच विचारायचं आहे. मारायचंच आहे तर सगळ्यात खात्रीचं हत्यार का नाही वापरायचं? एक बार, मग अर्धा मिनिट ठासत बसायचं, तोवर जखमी जनावर पळतंय. हे मुद्दाम अवघड करून घेणं कुणासाठी? हरणासाठी तर नक्कीच नाही.

ओहायोचे_अण्णा

शुभदाताई, तुम्ही माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

लँकेस्टरकर

शुभदाताई, प्रश्न रास्त आहे. साध्या रायफलीच्या मोसमात मी साधी रायफलच वापरतो. ठासणीचा मोसम मुद्दाम अवघड ठेवलाय, कारण सोपा केला तर इतक्या लोकांना इतके दिवस देता येणार नाहीत. बार एकच आहे हे माहीत असलेला माणूस जास्त वेळ थांबतो, हरण आडवं उभं राहीपर्यंत. निदान थांबायला हवा. जो थांबत नाही त्याच्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि असे लोक आहेत, हेही मी नाकारत नाही.

नवऱ्याला एक सांगा. बार झाल्यावर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो, हरण कुठे गेलं दिसत नाही. लगेच खाली वाकून धुराखालून बघायचं. आणि धावत सुटायचं नाही, आधी परत भरायची.

शुभदा_के

पटलं असं म्हणणार नाही. निरोप देते.

माणगावकर_काका

मी कुडाळ तालुक्यातून लिहितोय. तुमची चर्चा वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्या घरात वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. केपाची, आत आटे वगैरे काही नाही, गुळगुळीत नळी. ही आम्ही 'निवडली' नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ बघा. पीक राखायला ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी. म्हणजे कायद्यानेच शेतकऱ्याला मागचं शतक धरून बसवलंय.

पावसाळ्यात रात्री भातात डुक्कर शिरले की केप फुटते आणि बार जात नाही, दारू सर्दावलेली. तोपर्यंत कळप अर्धा कुणगा तुडवून पसार. आणि डुक्कर मारायलाही नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही, ते वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे, वनखात्याची परवानगी वेगळी. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. डुकरांना आचारसंहिता नाही.

तुमची हौस, आमचो इलाज. अण्णा म्हणतात त्या मागून उघडणाऱ्या नळीसाठी मी लँकेस्टरकरांच्या सगळ्या गारगोट्या देऊन टाकीन.

डेन्व्हरवासी

काका, यावर उत्तर नाही. एकच विचारतो, बार न गेलेली बंदूक तुम्ही काय करता?

माणगावकर_काका

तोंड रानाकडे धरून थांबतो. कधीकधी उशिरानेही जातो बार, म्हणून लगेच डोकावायचं नाही. मग नवी केप. तरी नाही गेला तर सकाळी स्क्रूने गोळी ओढून काढायची. वरून दुसरा बार ठासायचा नाही, नळी फुटते आणि हात जातो. गजावर खूण केलेली असते, रिकाम्या नळीला एक, भरलेलीला एक. अंधारात बोटाने चाचपून कळतं भरलीय की नाही.

लँकेस्टरकर

काका, माझ्या गजावर त्याच दोन खुणा आहेत. आणि तुमचा राग बरोबर आहे. माझा सल्ला माझ्या मित्रांपुरता, जिथे मोसम आहे, परवाना आहे आणि पोट त्यावर अवलंबून नाही.

फिलीचा_निखिल

मी एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आहे. मला ठासणीची घेता येते का? ऑफिसात कुणी म्हणतं अजिबात हात लावू नकोस.

डेन्व्हरवासी

केंद्रीय कायद्यात बिगरस्थलांतरित व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकारीचं लायसन्स असेल तर अपवाद आहे. शिवाय फक्त काळ्या दारूवर चालणारी, काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक केंद्रीय व्याख्येत 'बंदूक'च धरत नाहीत, जुन्या वस्तूंत मोडते. पण नळी बदलून काडतुसाची होऊ शकणारी काही मॉडेलं आहेत, ती या सवलतीत बसत नाहीत. राज्यांचे कायदे वेगळे, न्यू जर्सीत तर ठासणीचीही साध्या बंदुकीसारखीच मानतात. पूल ओलांडून कॅम्डेनला नेण्याआधी वकिलाला विचार. व्हिसा पणाला लावण्याइतकं हरण मोठं नाही.

फिलीचा_निखिल

धन्यवाद. मग चकमकीचीच बघतो, पण मी डावखुरा आहे. उजव्या बाजूचं लॉक चालेल का?

ओहायोचे_अण्णा

नको. रंजकीचा भडका तुझ्या तोंडासमोर होईल आणि कानातून उडालेली गरम राख थेट डोळ्याकडे. डावं लॉक मिळतं, थोडं शोधावं लागतं. नाहीतर इनलाइन घे, बहुतेक इनलाइनना डावं-उजवं नसतं. हे मी लँकेस्टरकरांना खिजवायला म्हणत नाहीये.

लँकेस्टरकर

म्हणतायच. निखिल, पेडरसोली ही कंपनी डाव्या लॉकची बनवते, महाग आहे. माझ्या क्लबात एकाकडे आहे. रविवारी ये, हाताळून बघ, आणि चष्मा घालूनच ये.