बाईकचे टॅपेट (इंजिनमधल्या व्हॉल्व्हचा गॅप) घरीच सेट करायचे तर कुठले टूल घ्यावेत?

बाईक १०० सीसी, एअर कूल्ड, कळव्याला राहतो. इंजिनच्या हेडमधून (वरच्या भागातून) टकटक आवाज येतोय, मेकॅनिकने मागच्या वेळी गेज न लावता नुसत्या हाताने हलवून सेटिंग केलं आणि दोन आठवड्यांत आवाज परत. आता स्वतःच शिकायचंय, काय काय लागेल?

— आधी फीलर गेज (गॅप मोजायच्या पात्यांचा संच) घे, ०.०५ मिमीपासून पातळ पात्या असलेला, त्याच्याशिवाय सुरुवातच करू नकोस. अॅडजस्टर स्क्रू पक्का धरणाऱ्या लॉकनटला रिंग पाना, नऊ की दहा नंबर ते गाडीवर बघ, आणि अ‍ॅडजस्टर स्क्रूचं डोकं चौकोनी असेल तर त्याची छोटी टॅपेट की मिळते, पक्कडीने धरलंस तर कोपरे जातात. गॅप किती ते मॅन्युअलमध्ये बघ, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नको.

— इंजिन पूर्ण थंड हवं हां, रात्रभर उभी ठेवून सकाळीच कर. मॅग्नेटवरची (इंजिनच्या बाजूच्या फिरत्या चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, जुळली तरी दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल हलतायत ना बघ, नसतील तर मॅग्नेट अजून एक पूर्ण फेरा फिरव. आणि लॉकनट आवळताना स्क्रू फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर पाती परत घालून बघायचीच, माझं पहिल्यांदा इथेच चुकलं होतं.

— आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून टाईट नको करू भावा, सैल टॅपेट वाजतो पण टाईट राहिला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.