मदत हवी आहे: ओआरएसचं लिटरभराचं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर नेमकं काय बिघडतं?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बारावीला सध्या द्रावणांचा धडा चालू आहे. त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका आशाताईंनी एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर नीट द्यावं अशी मनापासून इच्छा आहे.

पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की ताई घरोघरी ओआरएसची पाकिटं देतात. 'एक लिटर पाण्यात' असं बजावून सांगितलं तरी काही घरांत अख्खं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवून पोराला पाजतात. पातळ औषधापेक्षा कडक औषध लवकर लागू पडेल, असा त्यांचा समज. ताई म्हणाल्या, "मॅडम, तसं करू नका एवढं मी सांगते. पण का नको, असं सासूबाईंनी विचारलं की मी गप्प."

माझं गणित इथवर आलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. मिलिमोलमध्ये (रेणूंची संख्या मोजायचं एकक) मीठ ४४.५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम क्लोराइड २० आणि सायट्रेट १०, म्हणजे सगळे मिळून दीडशेच्या आसपास. पण पाण्यात मिठाचे दोन कण होतात, पोटॅशियम क्लोराइडचे दोन, आणि सायट्रेटचे चार (तीन सोडियम, एक सायट्रेट). ग्लुकोज तसंच राहतं. ७५ + ८९ + ४० + ४० = २४४. पाकिटावरचा आकडा २४५ मिलिऑस्मोल (म्हणजे पाण्यातल्या सुट्या कणांची मोजणी)! वर्गात फळ्यावर हे जुळलं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

पुढे परासरण दाब काढला, म्हणजे दाट द्रावण पडद्यापलीकडचं पाणी किती जोराने ओढतं ते, 'वातावरण' या दाबाच्या एककात. शरीराच्या ३७ अंशांना ओआरएसचा सुमारे ६.२ वातावरण येतो. रक्त साधारण २९० मिलिऑस्मोल धरलं तर ७.४. आणि तेच पाकीट २५० मिलिलिटरच्या ग्लासात घातलं तर ९८० मिलिऑस्मोल, म्हणजे जवळजवळ २५ वातावरण.

आता अडतंय ते असं. ओआरएस रक्तापेक्षा थोडं पातळ आहे म्हणून पाणी आतड्यातून रक्तात जातं, असं म्हणावं, तर साधं पाणी त्याहून कितीतरी पातळ. मग साधं पाणीच सर्वांत चांगलं ठरायला हवं, पण तसं नाही. ते का? दुसरं, मी आयन पूर्ण सुटे धरले आहेत. मिठाचा व्हॅन्ट हॉफ गुणक (एकाचे पाण्यात किती कण होतात तो आकडा) प्रत्यक्षात पूर्ण दोन नसतो, तर २४५ हा आकडा कितपत खरा? आणि पाकीट नसताना साखर-मिठाचं पाणी देतात, त्यात साखरेचे आयन होत नाहीत, मग तो हिशेब कसा लावायचा?

बैठकीत दाखवता येईल असा एखादा सोपा प्रयोगही सुचवा.

प्रतिसाद १

मॅडम, मी बालरोग विभागात काम करतो. प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतं. दोघांपैकी एक नसेल तर ही वाट चालत नाही. हे आत गेले की त्यांच्यामागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यासारख्या आजारात आतड्यातून पाणी बाहेर टाकलं जात असतं, तरी ही वाट शाबूत असते. सगळी मदार तिच्यावर आहे. साध्या पाण्यात सोडियमही नाही आणि ग्लुकोजही नाही. शिवाय जुलाबात गेलेले क्षार त्याने भरून येत नाहीत, उलट रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. परासरण दाबाचं काम इथे अडथळा न आणण्याचं आहे: द्रावण रक्तापेक्षा दाट नको.

जुन्या सूत्रात सोडियम ९०, क्लोराइड ८०, पोटॅशियम २०, सायट्रेट १० आणि ग्लुकोज १११ होतं. बेरीज ३११, म्हणजे रक्तापेक्षा किंचित जास्त. २००२ मध्ये ते २४५ वर आणलं. सोडियम ७५, ग्लुकोजही ७५. एवढ्या बदलाने जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, आणि मुलांना सलाइन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी आली.

आता तुमचा ग्लास. ९८० मिलिऑस्मोल आतड्यात गेलं की पाणी उलट दिशेने, रक्तातून आतड्यात येतं. जुलाब वाढतात. आणि त्या ग्लासात सोडियम ३०० मिलिमोल प्रति लिटर होतं, रक्तात ते १३५ ते १४५ असतं. तान्ह्या बाळाच्या रक्तात सोडियम चढलं तर झटके येऊ शकतात. सासूबाईंना एवढंच सांगा: कडक पाणी बाळाच्याच अंगातलं पाणी ओढून घेतं.

वर्गात आणखी एक उदाहरण घ्या. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम आणि खायचा सोडा २.५ ग्रॅम असं द्रावण तोंडावाटे द्यायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. मुलांना या तीन आकड्यांचे मिलिऑस्मोल काढायला सांगा, ३०० च्या आसपास येतील. डॉक्टरांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या मते त्यांचं नाव धड्यातच हवं.

प्रतिसाद २

व्हॅन्ट हॉफ गुणकाबद्दल, मी लॅबमध्ये आहे म्हणून. आमचं ऑस्मोमीटर परासरण दाब मोजतच नाही, ते द्रावणाचा गोठणबिंदू मोजतं. एक किलो पाण्यात एक ऑस्मोल कण असले की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. रक्तद्रव उणे ०.५४ अंशाच्या आसपास गोठतो, तुमचं ओआरएस साधारण उणे ०.४६ ला. कॉलिगेटिव्ह गुणधर्म (जे फक्त कणांच्या संख्येवर ठरतात) एकमेकांना बांधलेले असतात हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

०.९ टक्क्याचं सलाइन घ्या: लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे १५४ मिलिमोल. दुप्पट करून ३०८ हे कागदावर. यंत्र २८६ च्या आसपास दाखवतं, कारण या तीव्रतेला मिठाचा गुणक २ नसून साधारण १.८६ असतो. (वरचा १.८६ आणि हा १.८६ यांचा संबंध नाही, मुलं इथे हमखास गोंधळतात.) तुमच्या २४५ पैकी ७५ ग्लुकोजचे आहेत, त्यांना धक्का लागत नाही. आयनांच्या वाट्यातून दहा-पंधरा कमी होतील. पाकिटावरचा आकडा ही कणांची बेरीज आहे, पाजायच्या दृष्टीने या फरकाने काही अडत नाही.

प्रतिसाद ३

साखर-मिठाच्या पाण्याचं सांगते. लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर २५ ग्रॅम धरली तर ७३ मिलिमोल. मीठ ३ ग्रॅम धरलं तर ५१, दुप्पट १०२. एकूण १७५. पण आतड्यात साखरेच्या एका रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन होतात. मग बेरीज जवळजवळ २५० वर जाते! पोटॅशियम मात्र त्यात नसतं, म्हणून पाकीट मिळत असेल तर पाकीटच द्यावं.

आमच्या कोकणात पोट बिघडलं की मीठ घातलेली तांदळाची पेज देतात. स्टार्चचा रेणू प्रचंड मोठा, त्यामुळे वजन पुष्कळ असूनही कण थोडे. पचेल तसतसं ग्लुकोज सुटत जातं, एकदम दाब चढत नाही.

प्रयोग: बटाट्याच्या सारख्या लांबीच्या फोडी कापा. काही बरोबर कालवलेल्या ओआरएसमध्ये ठेवा, काही तुमच्या त्या 'कडक' ग्लासात. दोनेक तासांनी हातात घेऊन वाकवायला सांगा. कडक पाण्यातल्या फोडी लुळ्या पडलेल्या असतील. गणिताची गरजच नाही.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार! 'बाळाच्याच अंगातलं पाणी ओढून घेतं' हे वाक्य आणि बटाट्याच्या फोडी, बैठकीचं ठरलं. वर्गासाठी गोठणबिंदूचं उदाहरण घेते.

एक राहिलं. काही घरांत कालवलेलं ओआरएस पुन्हा उकळून ठेवतात, शुद्ध राहावं म्हणून. ते चालतं का?

प्रतिसाद १

नाही. पाणी आधी उकळून गार करायचं, मग त्यात पूड. कालवल्यावर उकळलं तर पाणी वाफ होऊन जातं आणि कण सगळे मागे राहतात, म्हणजे पुन्हा कडक द्रावण. माप म्हणून लिटरची पाण्याची बाटली वापरा, ती आता बहुतेक घरांत असते. पाकीट घेताना त्यावरचं पाण्याचं माप वाचायला सांगा, २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही येतात. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. आणि मूल सुस्त झालं, पिईनासं झालं, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं तर वाट न पाहता दवाखान्यात आणा, रस्त्यातही थोडं थोडं पाजत राहा.