कॉव्हेंट्रीचं बिनछपराचं चर्च : शांतीस्मारक की रोज काढलेली खपली?

पाहुणी_मिडलँड्स: लेकीकडे बर्मिंगहॅमला आलेय. शुक्रवारी कॉव्हेंट्रीला जाऊन आलो. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालेलं सेंट मायकल कॅथेड्रल तिथल्या लोकांनी तसंच ठेवलंय. मनोरा शाबूत, भिंती उभ्या, वर आभाळ, फरशीवर पावसाचं तळं. वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द: 'फादर फर्गिव्ह'. माझं स्पष्ट मत, ही खपली काढत बसण्याची हौस आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनवाल्यांनीही युद्धात पडलेल्या फ्राउएनकिर्खे या चर्चचा ढिगारा कित्येक वर्षं तसाच ठेवला होता, पण शेवटी २००५ मध्ये चर्च पुरं बांधून काढलंच ना?

वसईकर: ताई, कॉव्हेंट्रीतही बांधलं की! शेजारीच, १९६२ मध्ये. वास्तुविशारद बेसिल स्पेन्सचं. जुनं मुद्दाम ठेवलं. आणि ते दोन शब्द नीट बघा. बायबलात येशू म्हणतो, 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' तिथले प्रोव्होस्ट (कॅथेड्रलचे मुख्य धर्मगुरू) हॉवर्ड यांनी 'त्यांना' गाळलं. 'त्यांना' म्हटलं की आपण सुटलो.

तिरपा: व्याकरणानं मेलेले परत येत नाहीत. त्या रात्री ५०० हून जास्त माणसं गेली. माफ करायचं ते ज्याचं घर बसलं त्यानं. चर्चनं सगळ्या गावाच्या वतीनं परस्पर माफी वाटायची, हे कुठलं औदार्य? आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश-अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळलं, सुमारे २५ हजार माणसं. तेव्हा कुठे होती ही क्षमा?

वसईकर: अहो, भिंतीवरचे शब्द कोरलेत युद्धानंतर. ड्रेस्डेन होऊन गेल्यावर! म्हणूनच त्यात 'त्यांना' नाही. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. आणि फ्राउएनकिर्खेच्या घुमटावरचा नवा क्रूस ज्या ब्रिटिश कारागिरानं घडवला, त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी होते.

तिरपा: क्रूसाची गोष्ट मान्य, ती हातानं केलेली आहे. भिंतीवर कोरणं सोपं.

दगडमाती: मी सिव्हिलवाला, भावनांत पडत नाही. पण तो तांबडा वालुकाश्म आहे. उघड्यावर पाऊस त्याला खातो. पडकं चर्च 'पडकंच' ठेवायलाही सारखी डागडुजी लागते, आयतं काही टिकत नाही.

पाहुणी_मिडलँड्स: 'त्यांना'चं ठाऊक नव्हतं, वसईकर. तरी पडक्या भिंतींपेक्षा मला तिथला पुतळा पटला. गुडघ्यांवर बसून एकमेकांना मिठी मारलेली दोन माणसं. जोसेफिना द व्हास्कॉन्सेलोस यांचा, असाच एक हिरोशिमातही आहे. कोण कुणाला माफ करतंय, कळतच नाही. बाराला प्रार्थना झाली. द्वेष, लोभ, गर्व, एकेकाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी 'फादर फर्गिव्ह' म्हणायचं. शेजारचे आजोबा टोपी काढून भिजत उभे. मी आपली छत्री मिटू की नको, यातच अडकलेली.

तिरपा: मिटलीत का मग?

पाहुणी_मिडलँड्स: अर्धी त्यांच्यावर धरली.