आईबाबांना घेऊन विद्यापीठाच्या परिचय कार्यक्रमाला जाताना कोणती तयारी करावी?

प्रश्न : प्रथम वर्ष वाणिज्य, मकरपुरा

नमस्कार. यंदा मला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कॉमर्सला प्रवेश मिळाला असून, पुढील आठवड्यातील नव्या विद्यार्थ्यांच्या परिचय कार्यक्रमाला पालकांनाही बोलावले आहे. आमचे कुटुंब मूळचे जळगाव जिल्ह्यातले. बाबा जीआयडीसीतील, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतील, कारखान्यात मशीनवर काम करतात. त्यांना गुजराती बोलता येते, परंतु वाचता येत नाही. आईचे सारे व्यवहार मराठीतूनच चालतात. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मीच पहिली. कार्यक्रम इंग्रजी आणि गुजरातीत होणार, तेव्हा दोघांना तिथे अवघडल्यासारखे होऊ नये यासाठी काय करावे? शेजारचे एक काका म्हणतात की त्यांना नेऊच नकोस. मला ते पटत नाही.

उत्तर : निवृत्त प्राध्यापिका, दांडिया बाजार

दोघांनाही अवश्य ने. फीचे पैसे ज्यांनी उभे केले, त्यांनी मुलगी कुठे शिकणार हे डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे.

सभागृहात त्यांच्या कानाशी लागून प्रत्येक वाक्याचे मराठी करत बसू नकोस; त्यात तुझेही लक्ष जाते आणि त्यांनाही संकोच वाटतो. त्यापेक्षा आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर दोघांना निवांत समजावून सांग, की कॉलेजमध्ये शाळेसारखी डायरी येत नाही, तासांच्या वेळा रोज सारख्या नसतात, वर्षाची दोन सत्रे असतात, आणि एखाद्या विषयात नापास होऊन एटीकेटी लागली तरी वर्ष वाया गेले असे होत नाही. हे आधी ठाऊक नसेल, तर दुपारी बाराला घरी आलेल्या मुलीकडे आई संशयाने पाहते आणि एटीकेटी हा शब्द कानी पडताच बाबा हबकतात. असे रुसवे मी अनेक घरांत पाहिले आहेत.

आईला विचार, की तुझ्या मनात कोणते प्रश्न आहेत. घरी यायला किती वाजतील, मुलींसाठी बसायला खोली आहे का, अडचण आली तर फोन कुणाला करायचा, असेच ते असतील. ते कागदावर मराठीत लिहून घे. बाबांना गुजराती बोलता येते ना? मग चौकशीच्या खिडकीवर त्यांनाच विचारू दे आणि तू शेजारी उभी राहा. वडिलांच्या वतीने मुलांनीच बोलत राहिले, की वडील हळूहळू बोलणेच सोडतात, आणि हे मला फार खुपते.

आणखी एक. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ १९४९ साली उभे राहिले, ते सयाजीराव महाराज तुमच्याच बाजूचे, मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये ते दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आले. बाबांना हे जरूर सांग.

उत्तर : माजी विद्यार्थी, वाडी

बाईंशी मी सहमत आहे. कागदपत्रांची फाईल बाबांच्या हाती द्या : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फी भरल्याची पावती, फोटो आणि प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स. मूळ प्रत कुठेही जमा करावी लागली, तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याबरोबर पालकांनाही द्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनुसार ते पालकांना कळणाऱ्या भाषेतही असावे अशी तरतूद आहे. तेव्हा मजकूर समजून घेतल्यावरच बाबांची सही होऊ द्या. आयोगाचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आईच्या मोबाईलमध्येही साठवून ठेवा.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आईचे प्रश्न आजच लिहून घेतले. बसच्या वेळा हा तिचा पहिलाच प्रश्न निघाला. एक शंका राहिली : बाबांचा अनुसूचित जातीचा दाखला जळगावचा आहे. माझा प्रवेश खुल्या वर्गातून झाला असला, तरी तो दाखला फाईलमध्ये ठेवावा का?

उत्तर : वकील, रावपुरा

ठेवावा, परंतु त्यावर गुजरातमध्ये आरक्षण मिळेल असे धरून चालू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये असा निर्णय दिला आहे की, अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती ज्या राज्याच्या संदर्भात ती जात अधिसूचित आहे त्या राज्यापुरत्या असतात, आणि स्थलांतर केल्याने त्या दुसऱ्या राज्यात सोबत जात नाहीत. तुमचा जन्म बडोद्यात झाला असला, तरी मूळ ठिकाण वडिलांच्या कुटुंबाकडून ठरते. म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जातीच्या रकान्यात घाईने खूण करू नका. आधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जळगावचा दाखला दाखवा आणि स्थलांतरित कुटुंबाला कोणती योजना लागू होते याचे उत्तर लेखी मागा. परिचय कार्यक्रमासाठी बाबा रजा घेणार असतील, तर हे काम त्याच एका रजेत बसवू नका, कारण तिथे अर्धा दिवस सहज जातो.